पीएफची कपात वाढवली की पोटगी कमी होते का?

पोटगीच्या दाव्याची नोटीस हातात पडली की नोकरदार माणसाला दोन सल्ले हटकून मिळतात. पहिला म्हणजे, चांगला वकील बघ. दुसरा कँटीनमध्ये, जरा हळू आवाजात मिळतो: ‘पीएफ वाढवून घे रे. हातात पगार कमी दिसला की पोटगीही कमी बसते.’ हल्ली हाच सल्ला मोबाइलवरच्या व्हिडिओंतून मोठ्या आवाजात दिला जातो. आणि मुलाला घेऊन वेगळी राहणारी आई वकिलाला विचारत असते, ‘त्यांचा पगार नव्वद हजार आहे हे मला पक्कं माहीत आहे. मग कोर्टात दिलेल्या कागदावर त्रेचाळीस हजार कसे?’

उत्तर आधीच सांगून टाकतो. कायद्यापुढे ही युक्ती सहसा टिकत नाही. व्यवहारात मात्र ती बऱ्याचदा काही वर्षं तरी खपून जाते, कारण पगारपत्रकातला कपातीचा रकाना नीट वाचायला कोणी बसत नाही. तो रकाना कसा वाचायचा, यावरच हा लेख आहे.

आधी पोटगी ठरते कशी

मुलाच्या पालनपोषणाचा खर्च मागण्याचे आपल्याकडे तीन-चार रस्ते आहेत. सगळ्यात जास्त वापरला जाणारा म्हणजे जुनं ‘कलम १२५’. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि हे कलम आता १४४ झालं. क्रमांक बदलला, आशय जवळपास तोच आहे. शिवाय हिंदू विवाह कायदा, हिंदू दत्तक व निर्वाह कायदा आणि कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा यांखालीही मागणी करता येते. कलम १४४ ला धर्माची अट नाही.

यातल्या एकाही कायद्यात ‘पगाराच्या इतके टक्के’ असं सूत्र नाही. न्यायाधीश मुलाच्या गरजा बघतात, आईवडिलांची ऐपत बघतात, घर मोडण्याआधीचं राहणीमान बघतात आणि आकडा ठरवतात. तरी प्रत्यक्षात एक ठोकताळा रुळला आहे: निव्वळ पगाराच्या साधारण २५ टक्के. २०१७ मध्ये पश्चिम बंगालमधल्या एका डॉक्टरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा आकडा वाजवी म्हटला. तिथे निव्वळ पगार ९५,५२७ रुपये होता, उच्च न्यायालयाने २३,००० ठरवले होते आणि सर्वोच्च न्यायालयाने ते २०,००० केले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००४ मध्ये दुसरी रीत सांगितली. कुटुंबाच्या एकूण उत्पन्नाचे वाटे पाडायचे, कमावणाऱ्याला दोन आणि बाकी प्रत्येकाला एक.

कोणतीही रीत घेतली तरी ‘निव्वळ’ किंवा ‘खर्च करता येण्याजोगं’ उत्पन्न किती, या प्रश्नाशी गाडी येतेच. पगारातून काय वजा करायचं आणि काय नाही, हा सगळा खेळ तिथला आहे.

एक पगारपत्रक उघडून बघू

समजा, पुण्यातल्या एका कंपनीत काम करणाऱ्या वडिलांचं पगारपत्रक आपल्यासमोर आहे. (माणूस काल्पनिक, आकडे नेहमीचे.) मूळ पगार ५०,००० रुपये. घरभाडे भत्ता आणि इतर भत्ते मिळून ४०,०००. एकूण ९०,०००.

आता कपातीचा रकाना. पीएफ, म्हणजे मूळ पगाराच्या १२ टक्के, ६,०००. व्यवसाय कर २००. प्राप्तिकर शून्य, कारण २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर लागत नाही आणि यांचं वर्षाचं उत्पन्न १० लाख ८० हजार आहे. हातात येतात ८३,८०० रुपये. ठोकताळ्याने त्याचे २५ टक्के २०,९५० होतात.

नोटीस आल्यानंतरच्या महिन्यात त्याच रकान्यात दोन नव्या ओळी येतात. एक, ‘व्हीपीएफ २५,०००’. दुसरी, ‘सोसायटी कर्ज १५,०००’. हातात येणारा पगार एकदम ४३,८०० वर उतरतो. त्याचे २५ टक्के १०,९५०. म्हणजे पोटगी जवळजवळ निम्म्यावर आली. पगार एका रुपयानेही कमी झालेला नाही, आणि पहिल्या ओळीतले २५,००० तर त्यांच्याच खात्यात, व्याजासकट, जमा होत आहेत. एका डब्यातले तांदूळ दुसऱ्या डब्यात ओतले म्हणून घरातले तांदूळ कमी होत नाहीत, एवढी साधी ही गोष्ट आहे.

व्हीपीएफ म्हणजे ऐच्छिक भविष्य निर्वाह निधी. सक्तीच्या १२ टक्क्यांच्या वर आपल्या मर्जीने भरलेली रक्कम. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून जेवढे होतात तेवढे सगळे, अगदी १०० टक्क्यांपर्यंत, कामगार त्यात टाकू शकतो. मालकाला मात्र जास्तीच्या रकमेवर एक पैसाही घालावा लागत नाही.

सक्तीची कपात आणि मर्जीची कपात

न्यायालयं याच ठिकाणी रेघ मारतात, आणि ही रेघ चांगली जुनी आहे. लखनौच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या एका डॉक्टरांचं प्रकरण १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं. पत्नी आणि मुलीच्या निर्वाहाचा प्रश्न होता. डॉक्टरांना पगारातून बरंच काही वजा करून हवं होतं. न्यायालयाने प्राप्तिकर आणि सक्तीने भरावी लागणारी भविष्य निर्वाह निधीची वर्गणी मान्य केली. घरभाडं आणि विजेचं बिल वजा करायला नकार दिला. भाडं आणि वीज हे तर खरेखुरे खर्च, तेही जर चालत नाहीत, तर स्वतःच्या मर्जीने केलेली बचत कुठून चालणार?

या फुटपट्टीने आपल्या पगारपत्रकाकडे बघा. ६,००० चा पीएफ सक्तीचा, तो वजा होईल. व्यवसाय करही. व्हीपीएफचे २५,००० माणसाने अर्ज भरून सुरू केले आणि अर्ज भरूनच बंद करता येतात, ते परत उत्पन्नात मिळवले जातील.

सरकारी नोकरांकडे नावं वेगळी असतात, तत्त्व तेच. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी राज्य सरकारच्या सेवेत लागलेल्यांना जीपीएफ, म्हणजे सरकारी नोकरांचा भविष्य निर्वाह निधी असतो. त्यात किमान वर्गणी भरावी लागते, पण पुष्कळ जण तिच्या दुप्पट-तिप्पट भरतात. किमान रक्कम सक्तीची, वरची मर्जीची. नंतर लागलेल्यांना राष्ट्रीय पेन्शन योजना असते. तिथे कर्मचाऱ्याचे १० टक्के सक्तीचे आणि त्याउपर टाकलेले ऐच्छिक. पगारातून जाणारा विम्याचा हप्ताही मर्जीचाच.

सोसायटीच्या कपातीबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण महाराष्ट्रात शिक्षक, एसटी, महापालिका, बँका, कुठेही बघा, पगारदारांची पतसंस्था असतेच. तिचा हप्ता पगारातून परस्पर कापला जातो आणि सहकारी कायद्यातच तशी तरतूद आहे. त्यामुळे कर्मचारी छातीठोकपणे सांगतो, ‘साहेब, ही कपात कार्यालय करतं, माझ्या हातात काही नाही.’ कापणं त्याच्या हातात नाही हे खरं. पण कर्ज काढणं त्याच्याच हातात होतं. कापतं कोण, याला महत्त्व नाही. ते बंधन आलं कुठून, हे बघितलं जातं.

मात्र प्रत्येक कर्जाला एकाच काठीने हाणणंही बरोबर नाही. आई आणि मूल ज्या फ्लॅटमध्ये राहतात त्याच फ्लॅटचा हप्ता वडील भरत असतील, तर तो एका अर्थी मुलाच्याच डोक्यावरच्या छपराचा खर्च आहे आणि न्यायालयं तो बहुधा लक्षात घेतात. दाव्यानंतर महिन्याभरात काढलेलं ‘वैयक्तिक कर्ज’ वेगळं. त्यातले पैसे गेले कुठे, हा पुढचा प्रश्न असतो.

तारीख बघा

कोणती कपात प्रामाणिक आणि कोणती सोयीची, हे ओळखण्याची सगळ्यात सोपी खूण म्हणजे ती सुरू झाल्याची तारीख. पाच-सात वर्षांपासून दर महिन्याला ५,००० व्हीपीएफ जात असेल, संसार सुरळीत असतानाही जात असेल, तर त्या माणसाला लबाड म्हणता येणार नाही. ते ५,००० उत्पन्नात धरले जातील कदाचित, पण त्याच्या हेतूवर शंका यायचं कारण नाही. याउलट, बऱ्याच कंपन्यांत व्हीपीएफ वर्षाच्या सुरुवातीलाच बदलता येतो. अशा कंपनीत ऐन नोव्हेंबरात खास अर्ज करून तो ५० टक्क्यांवर नेला असेल, तर त्या अर्जाची प्रत मागवण्यासारखी आहे.

मग ही युक्ती खपते कशी?

सगळं इतकं स्पष्ट आहे तर सल्ला टिकून का आहे? कारण पहिला आदेश अंतरिम असतो. अंतरिम म्हणजे अंतिम निकाल लागेपर्यंत द्यायची तात्पुरती रक्कम. त्यासाठी साक्षीपुरावे होत नाहीत. दोन्ही बाजूंचे कागद बघून आकडा ठरतो. पगारपत्रकावर सगळ्यात ठळक छापलेला आकडा ‘निव्वळ देय’ हा असतो. न्यायाधीशांसमोर दिवसाला ढीगभर प्रकरणं असतात, समोरच्या वकिलाने कपातीचा रकाना दाखवून दिला नाही, तर ४३,८०० हाच आकडा धरला जाण्याची शक्यता बरीच. नाव ‘तात्पुरती’, पण ती किती काळ चालेल याचा नेम नाही.

याचं उदाहरण आपल्या नागपूरचंच आहे. एका आईने सप्टेंबर २०१३ मध्ये अर्ज केला. कौटुंबिक न्यायालयाने तिला दरमहा १५,००० आणि लहान मुलाला आधी ५,०००, नंतर १०,००० अशी अंतरिम पोटगी दिली. प्रकरण नागपूर खंडपीठात गेलं, तिथून सर्वोच्च न्यायालयात. ४ नोव्हेंबर २०२० रोजी निकाल लागला तेव्हा निव्वळ अंतरिम पोटगीच्या वादात सात वर्षं गेली होती. कायद्याची अपेक्षा अशी की अंतरिम अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली निघावा. ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या नावाने वकिलांच्या तोंडी असलेला निकाल तो हाच.

सर्वोच्च न्यायालयाने हा एक वाद मिटवून तिथेच सोडलं नाही, देशभरासाठी नियम घालून दिले. पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. त्याचा छापील नमुना निकालालाच जोडला आहे. पगार, भत्ते, गुंतवणूक, घर, गाडी, कर्ज, सगळं त्यात लिहायचं. आकड्यांवर वाद झाला तर न्यायालयाच्या परवानगीने लेखी प्रश्न विचारता येतात, कागद हजर करायला लावता येतात. खोटं लिहिलं तर खोट्या पुराव्याची कारवाई होऊ शकते. पोटगी कोणत्या तारखेपासून द्यायची यावर आधी न्यायालयागणिक वेगळं मत होतं, तेही मिटलं: अर्जाच्या तारखेपासून. त्यामुळे चालढकल करून वाचवलेले महिने अखेर थकबाकी होऊन अंगावर येतात.

प्रतिज्ञापत्र भरून घेणं मात्र एक, आणि ते वाचणं दुसरं.

पासबुकातली खूण

खासगी नोकरीत पीएफ वाढवला आहे की नाही, हे ओळखायला हिशेबनीस लागत नाही. पीएफच्या पासबुकात दर महिन्याच्या नोंदीत कामगाराचा वाटा, मालकाचा वाटा आणि पेन्शनचा वाटा असे आकडे असतात. मालकही १२ टक्केच भरतो, फक्त त्यातला काही भाग पेन्शन योजनेत वळतो. तो भाग १५,००० पगाराच्या मर्यादेवर ८.३३ टक्के, म्हणजे नेहमीच्या प्रकरणात १,२५० रुपये.

आपल्या उदाहरणात मालकाचे ४,७५० आणि पेन्शनचे १,२५०, दोन्ही मिळून ६,००० दिसतील. सक्तीचाच पीएफ असेल तर कामगाराच्या रकान्यातही ६,००० दिसायला हवेत. तिथे ३१,००० दिसले, तर वरचे २५,००० मर्जीचे. पगारपत्रकावर ही रक्कम कधी ‘व्हीपीएफ’ म्हणून वेगळी छापलेली असते, तर कधी नुसतीच ‘पीएफ ३१,०००’ अशी एकत्र. दुसरी पद्धत जास्त फसवी. अशा वेळी पीएफच्या आकड्याला मूळ पगाराने भागून बघायचं. १२ टक्क्यांच्या वर गेला की विचारायचं.

पासबुक उघडायचा पासवर्ड अर्थातच खातेदाराकडे असतो, आईला ते परस्पर बघता येत नाही. तिने वकिलामार्फत ते हजर करण्याची मागणी करायची, आणि सोबत दाव्याच्या आधीची वर्षभराची पगारपत्रकंही मागायची. एक महिना घेऊन काही कळत नाही. आधीचा आणि नंतरचा शेजारी ठेवला की दोन मिनिटांत कळतं.

‘पण मी म्हातारपणी काय खायचं?’

ही हरकत खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. आपल्याकडे खासगी नोकरदाराला म्हातारपणाचा भरवसा म्हणजे हाच पीएफ. पण सक्तीचा पीएफ वजा करायला न्यायालय तयार आहेच. त्याचे ६,००० आणि मालकाचे ६,००० असे महिन्याला १२,००० मुलाच्या हिशेबातून आधीच बाजूला ठेवले गेले आहेत. त्यावर आणखी २५,००० बाजूला ठेवायचे, आणि तेही मुलाची शाळा चालू असतानाच्या वर्षांत, असं म्हणणं म्हणजे वडिलांचं साठावं वर्ष मुलाच्या आठव्या वर्षाच्या आधी येतं असं म्हणणं झालं. पोटगीची बरीचशी वर्षं ठरावीक असतात. मूल सज्ञान झाल्यावर व्हीपीएफ वाढवायला कोणी अडवत नाही.

‘शेवटी तो पैसा मुलालाच मिळणार ना?’

मिळेलच असं नाही. नामनिर्देशन बदलता येतं, दुसरं लग्न होतं, घर घेताना पैसे काढले जातात. आणि मिळालाच तरी शाळेची फी या जूनमध्ये भरायची असते. मजेची गोष्ट अशी की मुलांच्या शिक्षणासाठी पीएफमधून पैसे काढण्याची सोय नियमांतच आहे. मुलासाठीच साठवतोय म्हणणाऱ्या वडिलांना समोरच्या वकिलाने एवढंच विचारावं, मग फीसाठी अर्ज कधी करताय?

‘मी तर कर वाचवायला भरतो’

काही वर्षांपूर्वी यात तथ्य होतं. जुन्या करप्रणालीत पीएफ, विमा वगैरे मिळून दीड लाखांपर्यंतची वजावट मिळते. पण ती नव्या प्रणालीत नाही, आणि आता आपण वेगळं काही निवडलं नाही तर नवी प्रणालीच लागू होते. आपल्या उदाहरणातल्या गृहस्थांना तर कर मुळातच शून्य आहे. वर, कामगाराची स्वतःची वर्गणी वर्षाला अडीच लाखांच्या पुढे गेली की जास्तीच्या रकमेवरचं व्याज २०२१ पासून करपात्र झालं आहे. महिना ३१,००० म्हणजे वर्षाला ३ लाख ७२ हजार. म्हणजे हे गृहस्थ कर वाचवत नाहीत, करपात्र व्याज तयार करत आहेत. पीएफवर २०२४-२५ साठी ८.२५ टक्के व्याज मिळालं, बँकेच्या ठेवीपेक्षा बरं, म्हणून कोणी व्हीपीएफ भरत असेल तर ती चांगली गुंतवणूक आहे. पण गुंतवणूक ती गुंतवणूक, तिला सक्तीचा खर्च कसं म्हणायचं?

‘ती पण कमावते की’

बरोबर, आणि त्याचा विचार व्हायलाच हवा. हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात मुलांना सांभाळण्याची जबाबदारी आई आणि बाप दोघांवर आहे. २०२० च्या निकालातही म्हटलं आहे की आई पुरेसं कमावत असेल तर मुलांचा खर्च दोघांत प्रमाणात वाटता येईल. प्रतिज्ञापत्र तिलाही द्यावं लागतं. आणि मर्जीच्या कपातीचा नियम तिलाही लागू आहे: तिने आपला व्हीपीएफ वाढवून पगार कमी दाखवला, तर तोही परत मिळवला जाईल. कमावत्या आईनेही ही युक्ती केल्याचं दिसलं तर बापाच्या वकिलाने हाच हिशेब मांडावा.

नोकरीच सोडणारे, लवकर निवृत्त होणारे, धंद्याचा नफा भावाच्या नावावर दाखवणारे, हे सगळे याच कुळातले. त्यांच्यासाठी न्यायालयं ‘किती कमावतो’ऐवजी ‘किती कमावू शकतो’ असं विचारतात. लष्करातल्या नायक हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या एकाने पत्नीला द्यायची पोटगी, तो निवृत्त झाला या कारणावरून, ४,००० वरून २,००० केली गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ती पुन्हा ४,००० केली. आकडे लहान आहेत, पण त्या बाईसाठी ते निम्मं उत्पन्न होतं.

लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी बापाचं गणित वेगळं

आपल्याकडचे बरेच जण ब्रिटनमध्ये नोकरीला आहेत, आणि तिथे हा प्रश्न अगदी उलट्या बाजूने उभा राहतो. तिथे मुलाचा खर्च बहुतेक वेळा न्यायाधीश ठरवत नाही, सरकारी यंत्रणा सूत्राने ठरवते. २०१२ पासूनच्या योजनेत आठवड्याच्या एकूण उत्पन्नावर, २०० ते ८०० पौंडांच्या टप्प्यात, एका मुलासाठी १२ टक्के, दोन मुलांसाठी १६ आणि तीन किंवा जास्त मुलांसाठी १९ टक्के. उत्पन्नाचा आकडा कर खात्याकडून परस्पर येतो. आणि या आकड्यातून पेन्शनची वर्गणी वजा होते, सक्तीची असो वा मर्जीची.

म्हणजे आठवड्याला ७०० पौंड मिळवणारा बाप एका मुलासाठी ८४ पौंड देतो. त्याने १५० पौंड पेन्शनमध्ये टाकले की उत्पन्न ५५० धरलं जातं आणि मुलाला ६६ पौंड मिळतात. कुठे लपवाछपवी नाही, कुठे खोटं प्रतिज्ञापत्र नाही. नियमानेच १८ पौंड कमी झाले. स्वतःची कंपनी असलेल्यांना तर आणखी सोपं: स्वतःला पगार थोडा द्यायचा आणि पेन्शनची रक्कम कंपनीकडून भरून घ्यायची.

याला तिथे उतारा आहे. बापाने स्वतःच्या ताब्यातलं उत्पन्न अवाजवीपणे दुसरीकडे वळवलं, असं म्हणून आईला हिशेब बदलून मागता येतो. पण अर्ज तिनेच करायचा, आणि पेन्शनमध्ये किती गेलं हे तिला दिसतही नाही, कारण कर खात्याकडून येणारा आकडा पुष्कळदा पेन्शन वजा करूनच आलेला असतो. ‘अवाजवी’ म्हणजे किती, याला ठरलेली टक्केवारी नाही. सूत्र असलं की निर्णय पटकन होतो, पण त्या सूत्राला फट असली तर ती सगळ्यांसाठी एकदम उघडी असते. मला विचाराल तर आपल्याकडची सक्ती-मर्जीची रेघ त्या सूत्रात असती तर ते जास्त न्यायाचं झालं असतं. आणि आपल्याकडे त्यांचा वेग असता तर.

आदेश झाल्यावर कपात वाढवली तर?

इथे भारत आणि ब्रिटन यांतला सगळ्यात मोठा फरक दिसतो. तिथे दरवर्षी उत्पन्नाचा नवा आकडा मागवला जातो, त्यामुळे पेन्शन वाढवली की पुढच्या वर्षी रक्कम आपोआप उतरते. आपल्याकडे आदेशात टक्के नसतात, रुपये असतात. ‘दरमहा २०,०००’ म्हणजे २०,०००. नंतर व्हीपीएफ शंभर टक्के केला तरी आदेशातला आकडा हलत नाही. कमी करून हवा असेल तर परिस्थिती बदलल्याचं दाखवून कलम १४६ खाली (जुनं १२७) अर्ज करावा लागतो, आणि ‘मी स्वतःच बचत वाढवली’ ही बदललेली परिस्थिती होत नाही.

‘हातात उरतच नाही, देऊ कुठून?’ असं म्हणून हप्ते थांबवणाऱ्यासाठीही वाटा आहेत. पोटगीच्या दिवाणी हुकूमनाम्यात पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग जप्तीपासून सुरक्षित असतो, म्हणजे दोन तृतीयांशापर्यंत हात पोचतो. इतर देण्यांसाठी पगाराला यापेक्षा कितीतरी जास्त संरक्षण आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली दंडाधिकारी मालकालाच पगारातून थेट रक्कम द्यायला सांगू शकतात. कलम १४४ खाली थकवलेल्या हप्त्यांसाठी तुरुंगवास होऊ शकतो. फक्त वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो, आणि नेमकं हेच बऱ्याच जणींकडून राहून जातं.

पीएफ खात्यात पडलेल्या पैशाला मात्र कायद्यानेच जप्तीपासून संरक्षण आहे, म्हणून तर ती जागा लपवायला आवडती. पेन्शनच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं आहे की पत्नी म्हणजे काही सावकार नव्हे, त्यामुळे तिच्या पोटगीसाठी पेन्शन जप्त करता येते. पीएफबाबत शहाणपणाचं हेच की खात्यातल्या पैशामागे धावत बसू नये. तो पैसा खात्यात जाण्याआधी, पगाराच्या पायरीवरच तो उत्पन्नात मोजून घ्यावा.

आदेशातला आकडा हलत नाही, याचा फटका दुसऱ्या बाजूलाही बसतो. २०,००० चा आदेश झाला तेव्हा मूल बालवाडीत असेल तर ते पाचवीत जाईपर्यंतही तेच २०,०००, जोवर आई पुन्हा अर्ज करत नाही. काही न्यायालयं दरवर्षी ठरावीक टक्के वाढ आदेशातच लिहून देतात. ती सगळेच देत नाहीत, म्हणून मूळ अर्जातच मागून घ्यावी.